मूळ धरेपर्यंत

कुरिअरने आलेली रोपं फिशटँकमध्ये लावली, त्याला आता आठवडा होईल. पानं काचेसारखी पातळ झाली आहेत, काही विरघळून पाण्यावर तरंगतायत. दुकानदार फोनवर म्हणाला होता, "प्रवासाने दमतात ती. जुनी पानं जाणारच. कुजलेली कापा आणि वाट बघा." कापणं मला जमतं. वाट बघणं नाही. रोज सकाळी बाही सरसावून मी पाण्यात हात घालतो, मूळ धरलंय का ते बघायला रोप हळूच उपसतो आणि पुन्हा वाळूत खोचतो.

आज मागे आई येऊन उभी राहिली. बाबा गेल्यावर मी तिला गावाहून फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून ती खुर्चीच्या कडेवर बसते, पाहुणी आल्यासारखी. निघताना, आल्यावर, जेवताना मी विचारतो, "करमतंय ना?" ती म्हणते, "हो रे."

"सारखं उपटून बघितलंस तर धरणार कसं ते?" आई म्हणाली.

"पण कळायला नको?"

"तुला कळायला हवंय. त्याला कुठे हवंय?" मग टँककडे बघतच म्हणाली, "मलाही सारखं विचारू नकोस. जरा विसरायला लागते, की तू विचारतोस."

मी हात बाहेर काढला. बुडाशी एक हिरवा ठिपका दिसत होता. कोंब असेल, नाहीतर शेवाळ. बोटं शिवशिवत होती, प्रश्न जिभेवर तसाच होता. कोपरावरून पाणी ठिबकत राहिलं.

"आणि ती फरशी पूस आधी," आई करवादली. "घरात असं ओलं मला चालायचं नाही."