उजव्या भिंतीवरचा जेट

गल्लीत तिला सगळे चेनवाली मावशी म्हणत. पँटची अडकलेली, जॅकेटची दात पडलेली, प्रवासाच्या बॅगेची ऐन निघायच्या दिवशी उसवलेली, कुठलीही चेन असो, मावशी ती मार्गी लावून देई. बाहेरच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनच्या बाजूला चेनींचे डबे आणि समोरच्या स्टुलावर ताटकळलेलं गिऱ्हाईक. जीभ तिखट होती. 'पोट आवरा, चेन आपोआप टिकेल,' असं ती तोंडावर सांगे आणि लोक हसत हसत परत तिच्याकडेच येत.

नवरा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चाळीस वर्षं शिडीवर उभं राहून त्यानं दुसऱ्यांची नावं हातभर उंच अक्षरांत लिहिली, पण घरात पाऊल टाकलं की गड्याच्या तोंडाला कुलूप. 'वाढू का?' 'हं.' 'उद्या काम कुठे?' 'आहे एके ठिकाणी.' संपला संवाद. मावशी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलायची हौस भागवायची. भागायची नाही, ती गोष्ट वेगळी. तिला त्यानंच बोलायला हवं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी पेंटरला झटका आला आणि उजवी बाजू गेली. दोन महिन्यांत बोलणं परत आलं, काठी टेकत चालणंही आलं, उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. कमोडवर बसून एकाच हातानं मगही धरायचा आणि धुवायचंही, हे कुणाला जमणार? ते काम मावशीवर आलं. रोज सकाळी तो भिंतीकडे तोंड करून, दांडीला धरून वाकून उभा राही आणि ती मागून पाणी ओतून त्याला स्वच्छ करी.

आणि कसं कोण जाणे, तिथे तो बोलायला लागला. फरशीकडे बघत एकामागून एक सांगत सुटे. कुठल्या पाटीवर कुठला निळा वापरला होता, कुठल्या मालकानं स्वतःचंच नाव चुकीचं लिहून दिलं होतं, शिडीवरून पहिल्यांदा पडला तेव्हा हॉस्पिटलात न जाता आधी सांडलेला रंग कसा पुसला. मावशीनं यातलं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं. तो लाजेपायी बोलतोय, मागे काय चाललंय ते आपल्याच कानांवर पडू नये म्हणून बोलतोय, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. कळूनही ती रोज त्या दहा मिनिटांची वाट बघायची.

एके दिवशी बोलता बोलता तो म्हणाला, "ताईकडे कमोडशेजारी तो पाण्याचा जेट आहे ना, तसा आपल्याकडे लावून घेऊ. तुझा त्रास वाचेल."

"मला कसला आलाय त्रास?" मावशी म्हणाली.

"मला आहे," पेंटर म्हणाला.

तरी तिनं दोन आठवडे काढले. आज काय मशीनचा पट्टा तुटला, उद्या काय गिऱ्हाईक घाईचं. शेवटी नणंदेचाच फोन आला, "वहिनी, अगं विसरलीस की काय?" तेव्हा मावशी मुकाट्यानं उठून दुकानात गेली.

नळांच्या दुकानात एका फळीवर बारा जेट ओळीनं टांगले होते. दुकानदारानं चकचकीत स्टीलचा पुढे केला. मावशीनं तो डाव्या हातात घेतला, डोळे मिटले आणि खटका दाबला. जड. दुसऱ्याचा खटका कडक. तिसरा बोटांतून निसटत होता. उजव्या हाताच्या माणसानं डाव्या हातानं काम करायचं म्हणजे काय, ते महिनाभर स्वतः कात्री डाव्या हातात धरून तिनं पाहिलं होतं, त्यामुळे तिला फसवणं सोपं नव्हतं.

"मावशी, जेट आहे तो," दुकानदार म्हणाला, "बंदूक नाही. नेम धरून काय बघताय?"

"ज्याला वापरायचाय त्याचा नेम चुकला तर भिंत पुसायला तू येणार आहेस का?"

सहाव्या जेटला अंगठ्यानं दाबायची पट्टी होती, हलकी आणि पसरट. तो तिनं घेतला. नळी एक मीटरची की दीड मीटरची, असं दुकानदारानं विचारलं. एक मीटर बस झाली, ती म्हणाली.

दुपारी प्लंबर आला. मावशीला दहा वर्षांपासून ओळखणारा, भरभर काम उरकणारा माणूस. त्यानं कमोडमागच्या नळाला नवा कॉक जोडला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, आणि हूकसाठी भिंतीवर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. उजव्या भिंतीवर. आजवर शंभर घरांत त्यानं उजवीकडेच लावला होता, त्याचा हात आपसूक तिकडेच गेला. मावशी दारात उभी होती. तिनं खुणा बघितल्या. एक वाक्य बोलायचं होतं, 'अरे, ह्यांचा डावा हात चालतो.' ते तिच्या जिभेवर आलं होतं. प्लंबरनं ड्रिल उचललं, तिच्याकडे एकदा बघितलं, आणि चेनवाली मावशी, जिनं आयुष्यात कुणाला चूक दाखवायची संधी सोडली नव्हती, ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी पेंटर काठी टेकत एकटाच आत गेला. बसल्या जागी डावा हात छातीवरून उजवीकडे न्यायचा, तर अंग कलंडायचं. कसाबसा जेट हाती आला, पण नळी पाठीमागून डावीकडे पोचेना. पट्टी दाबली गेली आणि पाणी थेट दारावर. मावशी आत गेली तेव्हा तो नखशिखान्त भिजून बसला होता.

"प्लंबरची चूक नाही," तो म्हणाला. "सगळ्यांकडे तिकडेच असतो. माझाच हात उलटा."

तिनं पाण्याचा मग घेतला, तो वाकून उभा राहिला आणि बोलू लागला. असे नऊ दिवस गेले. ती स्वतःला बजावत राही की उद्या प्लंबरला फोन करायचा. उद्या उजाडे, तो नवी गोष्ट सुरू करी आणि फोन राहून जाई. लाज वाटत होती तिला, आणि आनंदही होत होता, आणि आनंदाचीच जास्त लाज वाटत होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी पेंटरनं पँट पुढे केली, "कंबरेत जरा आत घे." तिनं टेप गुंडाळून माप घेतलं. मागच्या खेपेपेक्षा दोन इंच कमी. गेले काही दिवस ताटात अन्न उरत होतं आणि भूक नाही, असं तो सांगत होता.

"खाल्लं का जात नाही तुम्हाला? दुखतंय काही?"

"नाही गं." त्यानं मान वळवली. "रात्री कमी खाल्लं की सकाळी तुझं काम कमी."

मावशी टेप हातात धरून तशीच बसली. दहा मिनिटांच्या गप्पांसाठी आपण ह्या माणसाला अर्धपोटी ठेवलं, हे तिला सरळ सरळ दिसलं. पँट तिनं आत घेतली नाही.

सकाळी तो नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या लग्नाला दोन महिने झाले होते. परगावी मोठं काम मिळालं होतं, तीन आठवडे तिकडेच. लाकडी पाटी होती, दोन माणसांना उचलायला लागेल अशी. शेवटच्या दिवशी सगळी अक्षरं झाली, डब्यात थोडा लाल रंग उरला. मालक जेवायला गेला होता. मी पाटीच्या मागच्या बाजूला गेलो. मागून कोण बघणार? म्हटलं, तुला तर तोंडानं कधी..."

हातातला मग रिकामा झाला होता. तो तिनं बादलीवर ठेवला, त्याचा आवाज झाला.

"झालं ना?" पेंटर म्हणाला आणि दांडी सोडून वळला.

बादलीत पाणी होतं. आणखी एक मग ओतला असता तर वाक्य पुरं झालं असतं. किंवा उद्या झालं असतं, परवा झालं असतं. मावशीनं त्याला टॉवेल दिला, कपडे चढवले, खुर्चीत बसवलं आणि प्लंबरला फोन लावला. "हूक डाव्या भिंतीवर हवाय. दीड मीटरची नळी घेऊन ये. हो, चूक माझीच. मी बघत होते."

प्लंबर दुपारीच येऊन गेला. उजव्या भिंतीला दोन भोकं तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी पेंटर आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा कडी वाजली. मावशी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. पाणी सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. आतून एक शब्द आला नाही. मग तो चक्क गुणगुणायला लागला. बाहेर आला तेव्हा सदऱ्याची एक बाही तेवढी भिजली होती आणि चेहरा असा फुलला होता, की तिनं इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"जमलं," तो म्हणाला.

"ऐकलं मी," ती म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

त्यानं पोटभर खाल्लं. मावशी चहा घेऊन समोर बसली, थेट समोर, आणि जरा वेळानं म्हणाली, "त्या पाटीच्या मागे काय लिहिलंत?"

"कुठल्या पाटीच्या?"

"काल सांगत होतात ती. लाल रंग उरला होता."

पेंटरचे कान लाल झाले. चाळीस वर्षांतल्या प्रत्येक पाटीचा रंग ज्याला पाठ होता, तो माणूस कपात बघत म्हणाला, "आठवत नाही गं आता."

"असू दे," मावशी म्हणाली आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला. त्याला आठवत होतं, हे तिला ठाऊक होतं. आणि आपण ते कधीच ऐकणार नाही, हेही.