मधला आकडा

नदीला वडील नसतात, हे कोर्टातल्या कारकुनाला पटवून द्यायला आम्हाला तीन चकरा माराव्या लागल्या. दाव्याच्या अर्जात अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, वय आणि सही असे रकाने होते. नावापुढे मी नदीचं नाव टाइप केलं होतं. बाकीचे रकाने कोरे पाहून कारकुनाच्या कपाळाला आठ्या पडल्या. सही येत नसेल तर अंगठा चालेल, असं त्याने सांगितलं. कुणाचा, ते सांगितलं नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यानेच प्रत्येक रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं आणि आमच्यावर उपकार केल्यासारखा शिक्का मारला.

कायदा नवा होता. नदी ही कुणाची मालमत्ता नाही, माणसासारखी तीही कायद्यापुढे उभी राहू शकते, तिला वाहण्याचा हक्क आहे, असं त्यात लिहिलं होतं. वर्तमानपत्रांनी तोंड भरून कौतुक केलं, शाळांमध्ये भाषणं झाली. पण नदी काही स्वतः कोर्टात येऊन बोलत नाही. तिच्या वतीने बोलायला एक पालक नेमायचा होता. सभा भरली तेव्हा सगळ्यांनी माझ्या मामाकडे बोट दाखवलं. स्वतःचं बोट स्वतःकडे वळवायची कुणाची तयारी नव्हती, हेही खरं.

मामा पाणी मोजायचा. जुन्या पुलाच्या मधल्या खांबावर सेंटीमीटरच्या खुणा केलेली एक लांब लोखंडी पट्टी आहे. रोज सकाळी सातला पुलावर जायचं, कठड्यावरून वाकून पाणी कुठल्या खुणेला टेकलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, एवढीच त्याची सरकारी नोकरी. एकतीस वर्षं त्याने ती केली. लोक त्याला ‘पट्टी’च म्हणत. अगदी नाकासमोर चालणारा माणूस. घरात कुणी थोडं पाणी मागितलं तर थोडं म्हणजे किती, असं विचारायचा. मामी हसायची आणि पेल्यावर बोट टेकवून दाखवायची.

पालक झाल्यावर लोकांना चेष्टेला नवा विषय मिळाला. तुमची लेक आज फार खळखळ करतेय, माझ्या झोपेचं काय, असं शेजारी विचारायचे. आई मात्र धास्तावली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तिने भावाला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मामा म्हणाला, दावा नदीचा आहे, तिला जाऊन सांग.

दावा साधा होता. वरच्या वळणावर पाणी बाटल्यांत भरून विकणारा कारखाना आला आणि उन्हाळ्यात नदीतले खडक उघडे पडायला लागले. कायद्याप्रमाणे पुलापाशी पाणी चाळीसच्या खाली जाता कामा नये. कारखाना म्हणत होता, ही नदी पहिल्यापासून उन्हाळ्यात अशीच आटते. धडधडीत खोटं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, मामाच्या वह्या होत्या! कारखान्याआधीच्या सव्वीस वर्षांत पाणी एकदाही त्रेपन्नच्या खाली गेलं नव्हतं. मी ज्या वकीलबाईंकडे टायपिस्ट आहे, त्यांनी वह्या चाळल्या आणि म्हणाल्या की आपल्याकडे दुसरा पुरावा नाही, पण हा असताना दुसरा लागणारही नाही. कारखान्याचे पंप बंद होणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

सुनावणीच्या आदल्या दुपारी कारखान्याच्या वकिलाकडून कागद आले. त्यात एका हॉस्पिटलच्या रजिस्टरची अकरा पानं होती, नऊ वर्षांपूर्वीची. रुग्णाजवळ राहणाऱ्याने रोज सकाळी सहाला सही करायची असते, आणि प्रत्येक पानावर मामाची सही होती. मामीच्या शेवटच्या आजारपणाचे दिवस. मी त्या वर्षाची वही काढून तारखा जुळवल्या. अकराही दिवशी सातच्या रकान्यात आकडे नीटनेटके भरलेले.

मामाला विचारलं तेव्हा त्याने काहीच लपवलं नाही. त्यांच्या खात्याची तऱ्हाच तशी होती. महिन्याच्या तक्त्यात एक रकाना कोरा दिसला की वरून तांबडी रेघ मारून आख्खा तक्ता परत यायचा. बदली माणूस मागितला तर मिळायचा नाही. मग प्रत्येक पुलावरचे मोजणारे एकच युक्ती करायचे. चुकलेल्या दिवसासाठी आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा पाहून त्यांच्या मधला लिहून टाकायचा. त्याला ते ‘मधला आकडा’च म्हणत, आणि नवा माणूस आला की जुना त्याला हे पहिल्याच आठवड्यात शिकवून ठेवायचा. मामाने एकतीस वर्षांत तो अकरा दिवस लिहिला. इतरांनी महिनेच्या महिने लिहिला असेल, पण त्यांच्या नद्या कोर्टात गेल्या नव्हत्या.

हॉस्पिटल ते पूल, बसने वीस मिनिटं. मी मामाला समोर बसवून समजावलं. सहाला सही करायचास, पुलावर जायचास, मोजून आठच्या आत परत यायचास, एवढंच सांग. नाही म्हणायला साक्षीदार कोण आहे? वकीलबाईंच्या कानावर मी यातलं काही घातलं नाही, त्यांनी मला नोकरीवरून काढलं असतं. मामा ऐकत राहिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, आणि त्याचं गप्प राहणं हाच होकार, असं मी धरून बसले. तिथेच माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या वकिलाने वही त्याच्यापुढे धरली. बोलणं अगदी मधाळ.

“या अकरा दिवशी सकाळी सात वाजता तुम्ही पुलावर होतात?”

मामाने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी दुसऱ्या बाकावर बसून मनातल्या मनात ‘हो म्हण, हो म्हण’ असा जप करत होते.

“नव्हतो,” मामा म्हणाला.

“मग हे आकडे कुठून आले?”

“अंदाजाने लिहिले.”

“असे अंदाजाने आणखी किती लिहिलेत?”

“एकही नाही.”

हे आम्ही कशावरून मानायचं, असं वकिलाने विचारलं आणि वही मिटली. वकीलबाईंनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं, ते त्या दिवशी परत उचललं नाही.

वीस दिवसांनी निकाल आला. नोंदी विश्वासार्ह नाहीत. पंप चालू राहतील. खोट्या नोंदी करणारा माणूस पालक राहू शकत नाही. आणि खाली आवर्जून लिहिलं होतं की नदीचे हक्क मात्र अबाधित आहेत. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा हजारांवर नोंदी खऱ्या, अकरा खोट्या, आणि बुडाल्या सगळ्याच.

महिनाभर मी मामाकडे फिरकले नाही. मग एका रविवारी गेले, ती भांडायलाच गेले. तो स्वयंपाकघरात कपबशा धूत होता. मी दारातच उभी राहून सुरू झाले. एक शब्द बोलायचा होता. कुणाचं काही वाईट होणार नव्हतं. नदी वाचली असती. तुझ्या त्या खरेपणाचं आता काय लोणचं घालायचंय?

त्याने नळ बंद केला.

“तुझी मामी गेली तो अकरावा दिवस,” तो म्हणाला. “सकाळचे सात वाजत होते. माझा हात तिच्या हातात होता. आणि तू मला सांगत होतीस, तेव्हा मी पुलावर होतो म्हणून शपथ घे.”

तारीख मला पाठ होती. वेळ मी कधी विचारली नव्हती. मी तिथल्या स्टुलावर बसले आणि त्याने पुसायला दिलेल्या कपबशा मुकाट्याने पुसल्या.

यंदा उन्हाळ्यात पाणी अठरापर्यंत उतरलं. कामावर जाताना रोज मला पुलावरून तळाचा चिखल दिसतो, बाटल्यांचे ट्रक शेजारून जातात, आणि अजूनही मला वाटतं की त्याने हो म्हणायला हवं होतं.