अळू ॲडमिट, कोरफड ओपीडी

जाधव सिस्टर पानांची नाडी बघायच्या. खोटं वाटेल, पण रोज सकाळी सातला, बुद्धवंदना आटोपली की त्या परसदारी यायच्या, अळवाचं एक पान दोन बोटांत धरायच्या आणि पदराला उलटं लटकवलेल्या घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या. सरकारी दवाखान्यात छत्तीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. म्हणजे पेन्शन सुरू झालं होतं, बाकी काही बदललं नव्हतं. "रात्री झोप लागली काय?" असं त्या अळवाला विचारायच्या. अळू उलट उत्तर देत नसे, त्यामुळे दोघांचं बरं जमायचं.

माझं तसं नव्हतं. लग्न होऊन मी रत्नागिरीत आले, त्याच आठवड्यात फोडणीचं तेल मनगटावर उडवून घेतलं आणि आळी जागी होईल अशी किंचाळले. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. साडी वर खोचून एक साठीची बाई आमच्या दोन घरांमधला चिऱ्यांचा गडगा ओलांडून सरळ स्वयंपाकघरात शिरली. तिनं आधी माझा हात नळाखाली धरला. मग कोरफडीचं पान मोडून उभं धरलं आणि वाट बघत राहिली. मी रडत होते.

"थांब गो. हे पिवळं पाणी गळू दे आधी. नायतर भाजल्यावर खाज फुकट मिळंल."

मग गर लावता लावता विचारलं, "शिकलीस किती?"

"एम. ए. मराठी."

"तरीच," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या बागेत लाडाची झाडं दोनच, पण थाट दोन वॉर्डांच्या इस्पितळाचा. मोरीचं पाणी भिंतीच्या भोकातून जिथं बाहेर पडायचं, तिथं केळीच्या सावलीत अळू. सिस्टरांची आंघोळ, भांडी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्याच्या पायाशी. "हा ॲडमिट पेशंट," त्या म्हणायच्या. "रोज बघावा लागतो. येक दिवस पाणी चुकलं की मान टाकणार, नि अशी टाकणार की सगळ्या आळीला दिसली पायजे." कोरफड मात्र गडग्यावर, रणरणत्या उन्हात, खडेमिश्रित लाल मातीत. "ही ओपीडी. पंधरा दिवसांनी बघितलीस तरी हरकत नाय. लाड केलेस तर कुजते मेली."

कोरफडीची कुंडी हा आणखी एक विषय. पांढरीशुभ्र, एनामलची, एका बाजूला पसरट. माझ्या सासूबाईंना ती फार आवडली. तुळशीसाठी तशी एखादी मिळेल का, असं त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं.

"मिळंल की," सिस्टर म्हणाल्या. "भंगारवाल्याकडं दोन हायत अजून. पण बेडपॅन हाय ते. तुळशीला चालतं काय बघा."

सासूबाई पुढे आठवडाभर त्या गडग्याकडे पाठ करून धुणं वाळत घालत होत्या.

बघून बघून मीही बाग केली. हौसेनं कोरफडीला रोज तांब्याभर पाणी घातलं; ती महिन्याभरात बुडाशी कुजून आडवी झाली. अळू मात्र गच्चीत कुंडीत लावलं आणि माहेरी निघून गेले. परत आले तेव्हा पाचोळा. सिस्टरांनी दोन्ही प्रेतं तपासली. "जिला भूक नाय तिला कोंबून मारलीस, नि ज्याला भूक हाय त्याला उपाशी. तुज्या हातात वॉर्ड दिला असता तर माणसं खिडकीतून पळाली असती." एवढं बोलून त्यांनी संध्याकाळी ताटभर अळुवड्या पाठवल्या. त्यांची अळुवडी कधी घशाला खाजली नाही. पण अळवाची त्या कीवही करायच्या. "तुमच्यात लग्नाला पण अळू, श्राद्धाला पण अळू. बिचाऱ्याला कळत नाय, हसायचं की रडायचं." कोरफडीचं कौतुक मात्र कुणी पंगतीत करत नाही, याचं त्यांना वाईट वाटे. भाजलं, कापलं, केस गळले की तिची आठवण.

आमच्या दारावरच्या कोरफडीवरून तर खटकाच उडाला. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाईंनी ती काळ्या दोऱ्यानं उलटी टांगली होती, मुळं वर, पानं खाली. ना माती, ना पाणी, तरी वर्षानुवर्षं हिरवी. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला हा चमत्कार दाखवायच्या.

सिस्टरांनी एकदा मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "जी तक्रार करत नाय, तिलाच टांगतात."

सिस्टर एकट्या राहायच्या. नवरा केव्हाच गेला होता. मुलगा मिलिंद मुंबईत, सातव्या मजल्यावर. दर गणपतीच्या सुट्टीत तो यायचा आणि आईला चल म्हणायचा.

"सातव्या मजल्यावर अळू लावू? माजी काळजी करू नको. मी कोरफड हाय."

एकदा जाताना मिलिंद आमच्याकडे आला. "वहिनी, आईकडे जरा लक्ष असू द्या," म्हणाला. मी हसून म्हटलं, "अहो, सिस्टरांना कुणाची गरज लागत नाही. आम्हालाच त्यांची लागते." हे मी कौतुकानं म्हटलं होतं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग तो मे महिना. नळाला एक दिवसाआड पाणी. सोमवारी सकाळी मी खिडकीतून बघितलं, तर सिस्टरांच्या अळवानं मान टाकलेली. सगळी पानं जमिनीला टेकलेली. इतकी वर्षं शिव्या खाऊन जे शिकले होते ते मी तत्परतेनं केलं. आमच्या साठवणीतलं बादलीभर पाणी उचललं, गडग्यावरून अळवावर ओतलं आणि स्वतःवर खूश होऊन पेपर तपासायला कॉलेजात गेले. ज्या अळवाला या घराचं सांडपाणी जगवतं ते सुकलं, म्हणजे घरात पाणीच सांडलेलं नाही, हे एम. ए. मराठीच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी परतले तर अळू ताठ उभं. मी फुशारकी मारायला गेले. पुढचं दार बंद. मागचं ढकललं.

सिस्टर मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. आदल्या दिवशी पहाटे पाय घसरला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं. रविवार म्हणून मी उशिरा उठले होते, त्यामुळे त्यांचा सातचा राउंड चुकल्याचंही मला कळलं नव्हतं. ओठ कोरडे पडले होते, पण घड्याळ पदराला होतं आणि डोळे उघडे होते.

"आलीस?" त्या पुटपुटल्या. "पेशंटला सलाईन लावलंस... नि सिस्टर ऱ्हायली."

"तुम्ही आत होतात? पाणी ओतलेलं ऐकू आलं?"

"भिंतीपलीकडंच तर होते."

"मग हाक का नाही मारलीत?" मी रडतच ओरडले.

त्या म्हणाल्या, "तोंड उघडलं होतं गो. पण छत्तीस वर्षं बेल ऐकून धावले. बेल वाजवायची सवय नाय."

त्यांच्याच जुन्या दवाखान्यात त्यांना नेलं. स्ट्रेचरवर आडव्या असतानाही त्यांनी वॉर्डबॉयला चादरीवरून झाडलं, तेव्हा मला जरा धीर आला. ऑपरेशन झालं. मिलिंद त्यांना न्यायला आला आणि या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही. निघताना वॉकर धरून मागच्या दारापर्यंत गेल्या आणि अळवाला म्हणाल्या, "बदली झाली माजी. नवीन सिस्टर येडी हाय, सांभाळून घे."

नवीन सिस्टर म्हणजे मी. आमची भांडी धुतलेलं पाणी मी रोज गडग्यावरून ओतू लागले. अळू जगलं. पण दिवाळी उलटली आणि आमच्या दारावरची कोरफड सुकायला लागली. पानं दोरीसारखी झाली. सासूबाई हादरल्या, कुणाची दृष्ट लागली म्हणून नावं घेऊ लागल्या. मी मुंबईला फोन लावला.

"सुकणारच," सिस्टर म्हणाल्या. "राउंड झाला की बाटलीनं पाणी मारत होते मी तिच्या मुळांवर. झाकणाला भोकं पाडलेली बाटली होती बघ."

"इतकी वर्षं? आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"तुज्या सासूचा चमत्कार कशाला मोडू?"

मी स्टूल घेतलं, काळा दोरा कापला आणि ती कोरफड सरळ केली, मुळं खाली, पानं वर. बेडपॅनमध्ये जागा होती, तिथंच लावली. सासूबाईंनी खाली पडलेला दोरा गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सातला मुंबईला फोन करू लागले. "जेवण? झोप? गोळ्या?" एवढंच विचारायचं. "मला काय धाड भरलीय? रोज कशाला पैसे जाळतेस?" असं त्या रोज म्हणायच्या. मी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायची.

परवा घरात पाहुणे होते. चहा, नाश्ता, पोळ्या, या गडबडीत सात कधी वाजून गेले ते कळलंच नाही. फोन वाजला. सिस्टरांचं नाव बघितलं आणि मी कणकेचे हात तसेच घेऊन धावले. इतक्या वर्षांत त्यांनी आपणहून मला कधी फोन केला नव्हता.

"सात वाजून धा मिनटं झाली," पलीकडून आवाज आला. "पेशंट ताटकळलाय हितं. बेल वाजवली म्हटलं."