ती काजळी नव्हती
कुठं प्लॅस्टिक जळल्याचा वास आला की मला कोल्हापुरातली आमची प्रयोगशाळा आठवते. पोलादाच्या चकतीवर पॉलिमरचा पातळ थर द्यायचा आणि हवा न लागू देता भट्टीत तापवून त्याचा हिऱ्यासारखा कठीण लेप करायचा, हा माझा पीएच.डी.चा विषय होता. दोन वर्षांनी पहिला धड लेप निघाला, तो काळाकुट्ट. विभागप्रमुख सर म्हणाले, "ही काजळी आहे. उद्या विषय बदलल्याचा अर्ज आणा." मी तडक उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर गेले. आयुष्यभर लोखंड कापलेल्या त्यांनी चकती घट्ट आवळली आणि जोर लावून कानस मारली. कानस नुसतीच घसरत राहिली. "अगं, कानशीचं दातच लागंनात की!" ते ओरडले, "काजळी म्हणणाऱ्याच्याच हातात दे जा ही." दुसऱ्या दिवशी अर्जाऐवजी मी चकती आणि कानस सरांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "काजळी असेल तर खरवडून दाखवा, सर." त्यांनी घाम फुटेस्तोवर घासलं, पण ओरखडासुद्धा उठला नाही. तो लेप पुरता हिरा नव्हता, हे मलाही ठाऊक होतं. पण विषय मी बदलला नाही, आणि आज तोच विषय त्याच विभागात मी शिकवते.