पाइपाचा वळसा

उन्हाळ्यात घोड नदीवरच्या धरणाचं पाणी मागे हटतं, तशा शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी पाण्यामागे सरकवाव्या लागतात. ते काम निमोण्याकडचे एक मामा करतात. मी रविवारी दुर्बीण घेऊन तिथे शेकाटे, टिटव्या, बगळे बघायला जातो. ओळखीला तीन उन्हाळे झाले, नाव विचारायचं राहिलं. बोलण्याआधी ते पान्ह्याने पाइपावर एकदा टकटक करतात, आणि कुठल्याही पक्ष्याला ‘पाव्हणा’ म्हणतात.

या मे महिन्यात उघड्या पडलेल्या गाळात टिटवीची चार अंडी दिसली. शेजारी ट्रॅक्टरने नांगरट चालू होती. अंडी चिरडली जाऊ नयेत म्हणून मी भोवती पांढरे दगड मांडले. मामांनी एकेक दगड उचलून लांब टाकला.

“ड्रायव्हरला दिसावेत म्हणून ठेवले होते,” मी म्हणालो.

पाइपावर टकटक झाली. “आन् कावळ्या पाव्हण्याला दिसत न्हाई व्हय, सायेब?”

मग त्यांनी मोटारीचा पाइप सरळ न नेता अंड्यांच्या तीन बाजूंनी फिरवला. जास्तीचे पाइप वाहून आणायला त्यांना चार खेपा पडल्या.

ट्रॅक्टर जवळ येऊन थांबला. “मामा, पाइप वाकडा टाकलाय. ऊन लागलं का?”

“लागलं. तू पलीकडनं घे.”

दुसऱ्याच्या पाइपावरून इथे कोणी ट्रॅक्टर घालत नाही. ड्रायव्हर हसत वळला.

टिटवी मात्र मामांच्याच डोक्यावर ओरडत झेपावत होती. त्यांनी डोक्यावर टॉवेल घेतला आणि ते “चाललो बाई, चाललो,” म्हणत पाण्याकडे निघाले.