पोटफोड्या ष

नाशिकला द्वारकेच्या चौकातले दुकानदार वत्सलाबाई देवऱ्यांना लांबूनच ओळखायचे. शाळेत जायला घराबाहेर पडल्या की बाई रिक्षाथांब्यापर्यंत दुकानांच्या पाट्या वाचत चालायच्या आणि वाचताना त्यांचे ओठ हलायचे. ओठ थांबले की समजायचं, चूक सापडली. मग बाई पायरी चढून आत.

"अहो, 'शुद्ध तुपातील' लिहिलंय, त्यातला शु पहिला हवा. तुम्ही दुसरा काढलाय."

मिठाईवाला एकदा वैतागला. "बाई, तुपात काही खोट आहे का, ते सांगा."

"तुपाचं मला माहीत नाही. पण तुमचं शुद्ध मात्र अशुद्ध आहे."

हे वाक्य आठवडाभर चौकात फिरलं. शाळेतही बाईंचे असे किस्से होते. एका पाच सप्टेंबरला कुणीतरी फळ्यावर सुरेख नक्षी काढून 'शिक्षक दीन' लिहिलं. बाईंनी खडू उचलला, मग ठेवून दिला आणि म्हणाल्या, "राहू दे. पगार अजून झालेला नाही." सगळा स्टाफ हसला. बाई हसल्या नाहीत.

त्या सटाण्याकडच्या. शिक्षिका होण्यासाठी नाशिकला आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि पहिल्याच दिवशी उभं राहून म्हणाल्या होत्या, "मन्हं नाव वत्सला शे." अख्खा वर्ग हसला. शिकवणारे गुरुजीही हसले. त्या दिवसापासून त्यांनी घरची अहिराणी घडी घालून ठेवून दिली आणि प्रमाण मराठी इस्त्रीच्या कपड्यासारखी अंगावर चढवली. पंचवीस-तीस वर्षं झाली, त्या कपड्याला सुरकुती पडू दिली नाही. कुणी चुकलं की त्यांना तो वर्ग आठवायचा. त्या चिडायच्या, पण ते चिडणं मुळात भिणं होतं.

ब्याण्णव-त्र्याण्णव साली साक्षरतेची मोहीम निघाली. बाईंना मखमलाबादकडच्या एका मळ्यातला वर्ग मिळाला. मारुतीच्या देवळासमोर पत्र्याची शेड होती, तिथं संध्याकाळी सहा वाजता पंधरा-सोळा बायका जमायच्या. सगळ्या भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतल्या. कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बांधून बोटं हिरवी झालेली. त्यांत कुसाबाई होती. तिशीची, उंच, बोलायला मोकळी. तिच्या नवऱ्याचं नाव खंडेराव. घरची दीड एकर जमीन, त्यात झेंडू आणि थोडी मेथी. कुसाबाई सगळ्यांत लवकर अक्षरं शिकली आणि सगळ्यांत जास्त चुकायचीही तीच, कारण बाकीच्या बायका लिहायच्याच नाहीत.

त्या बुधवारी बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावलं आणि पाच शब्द सांगितले. कुसाबाईने मान वाकडी करून लिहिले: भासा, औसध, वर्स, दोस, आणि पाचवा 'खुर्ची', त्यातला रफार भलत्याच अक्षरावर.

दिवसभर शाळेत ओरडून बाईंचा घसा बसला होता. त्या फळ्याकडे बघत राहिल्या.

"अगं, पोटफोड्या ष लिहायला हात झडतो का तुझा? तीन महिने झाले! आणि जोडाक्षर हे असं? हे वाचून माणूस खुर्चीवर बसेल की खाली पडेल?"

बायका हसल्या. मागची लंकाबाई तर पदर तोंडात घालून हसली. कुसाबाईही हसली, पण जरा उशिरा. तिने पदरानेच फळा पुसला आणि जागेवर जाता जाता म्हणाली, "जीव नकोसा केलाय बाई या अक्षरांनी."

बाईंनी ते ऐकलं. ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बाई तिसरीच्या वर्गावर होत्या. दारात लुना थांबली आणि खंडेराव आत आला. टोपी हातात, चेहरा राखेसारखा. त्याच्या मुठीत वहीचं फाडलेलं पान होतं.

"बाई, मी काल देवळ्याला गेलतो, कांद्याचं बी बघाया. आत्ता एष्टीनं आलो. घरात ही नाय. तांब्याखाली हे व्हतं." त्याने पान पुढे केलं. "मी चौथी शिकलेला. मला नीट वाचता येत नाय. तुम्ही वाचा. दुसरं काही निघतंय का बघा."

त्याला वाचता येत होतं. आपण वाचलेलं चुकीचं निघावं म्हणून तो आला होता.

बाईंनी वाचलं.

'मि विष घेउन गेले. दूपारी वाट पाहु नका. पोरिला संभाळा.'

जिथं जिथं चुकता येईल तिथं तिथं कुसाबाई चुकली होती. मी पहिली, घेऊन पहिला, दुपार दुसरी. एकच अवघड शब्द अचूक होता. वि पहिली आणि पुढे ठसठशीत, दोनदा गिरवलेला पोटफोड्या ष.

आयुष्यभर ज्यांनी शुद्ध शब्दावर विश्वास ठेवला, त्या बाईंनी त्या एका शब्दावरही ठेवला.

"बाई?" खंडेराव म्हणाला.

बाईंच्या तोंडून जे निघालं, ते त्या पहिल्या दिवसानंतर नाशिकमध्ये कुणी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "कोठे शे ती?"

तिसरीचा वर्ग शेजारच्या मोहिनीबाईंवर टाकून त्या लुनावर मागे बसल्या. रस्ताभर खंडेराव एकच सांगत होता. फवारणीच्या औषधाची बाटली गोठ्यात वरच्या फळीवर असते, ती फळीवर नाही. भांडण झालं नव्हतं, बाई. मी हात उगारत नाय, बाई. परवाच्या दिवशी हसत व्हती. बाईंच्या कानात आदल्या संध्याकाळचं हसणं वाजत होतं, आणि त्या हसण्याच्या मागून तिचं ते वाक्य. जीव नकोसा केलाय. सांगावं का याला? सांगितलं तर हा लुना इथंच थांबवेल आणि म्हणेल, उतरा खाली. त्यांनी सांगितलं नाही. नंतर बऱ्याच वर्षांनी त्या म्हणायच्या की त्या दिवसातली सगळ्यांत मोठी लाज तीच होती. जीव तिचा गेला असेल आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होते.

मळ्यात माणसं जमली होती. घर पाहून झालं, गोठा झाला, झेंडूच्या सऱ्या झाल्या. उसाच्या कडेने दोघे हाका मारत गेले. पाटावर जाऊन आलेला माणूस म्हणाला, पाण्याला ओढ आहे, काही असलं तर एव्हाना लांब गेलं असेल. लंकाबाई कुसाबाईच्या आठ वर्षांच्या सरिताला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोरगी विचारत होती, "आईला का शोधतात?" लंकाबाईने बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तिलाही कालचा वर्ग आठवत होता.

मग कुणीतरी म्हणालं, विहीर.

विहीर जुनी होती, दगडी, पायऱ्या ढासळलेल्या. खाली हिरवं पाणी, त्यावर झेंडूच्या चार पाकळ्या. भिका नावाचा शेजारी दोराला गळ बांधून आला. बुडालेल्या बादल्या काढायचा तो लोखंडी गळ. त्याने तो पाण्यात सोडला. दोर काठावर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. एकदा रिकामा आला. दुसऱ्यांदा रिकामा. तिसऱ्यांदा भिकाचा हात थांबला.

"लागलं काहीतरी," तो हळूच म्हणाला. "जड हाय."

खंडेराव मटकन खाली बसला. बाईंनी डोळे मिटले नाहीत. मिटायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं. पाण्याखालून आधी काळपट आकार आला, मग कापड दिसलं, निळं. कुसाबाईचं एक लुगडं निळं होतं. बायकांतून रडणं फुटलं. बाईंनी काठाचा दगड दोन्ही हातांनी धरला. मनात एकच होतं. मी मारलं हिला. अक्षरासाठी मारलं.

"कोण पडलं वं?" मागून कुणीतरी विचारलं. "कोणाच्या घरचं हाय?"

कुणी वळून पाहिलं नाही. पुन्हा तोच आवाज, जरा वैतागून. "अगं सांगा ना कोणीतरी! आन् माझी पोरगी कुठं हाय?"

सरिता लंकाबाईच्या मांडीवरून उठून पळाली. "आई!"

कुसाबाई गर्दीमागे उभी होती. डोक्यावर रिकाम्या करंड्यांची चवड, पदराला झेंडूचा पिवळा रंग. भिकाच्या हातून दोर सुटला आणि जे काय वर आलं होतं ते धपकन परत पाण्यात पडलं. ते मातीने भरलेलं जुनं निळं पोतं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले. खंडेराव बसल्या जागेवरून उठलाच नाही, नुसता बायकोकडे बघत राहिला. लंकाबाई पुढे झाली आणि रडत रडत तिला बडवायला लागली. "भवाने, इख पिऊन आलीस ना तू? इख!"

"कशाचं इख?"

बाईंनी पान पुढे केलं. कुसाबाईने ते हातात घेतलं. तिने ओळीवरून बोट फिरवलं.

"बराबर लिव्हलंय की. वीस घेऊन गेले. सकाळी यापाऱ्याचा टेम्पो आला, ओझरला लग्न हाय, आत्ताच्या आत्ता माल पायजे म्हणाला. वीस करंड्या भरल्या आन् त्याच्यासंगं गेले. हे घरी नव्हते, म्हणून लिव्हून ठेवलं."

"मग करंड्या का नाही लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

कुसाबाईने मान खाली घातली. "लिव्हाया बसले व्हते. त्याच्यात जोडाक्षर निघालं. म्हटलं, चुकलं आन् तुमच्या हाती लागलं तर पुन्हा हसाल. म्हणून सोडून दिलं."

"आणि हा ष?"

"तुम्हीच म्हणल्या ना काल, तीन महिने झाले तरी पोटफोड्या काढत नाय म्हणून. मुद्दाम काढला." तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का वं बाई? ह्याच्यात नसतो का?"

पहिल्यांदा भिका हसला. मग लंकाबाई. मग सगळा मळा हसत सुटला, रडून रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. औषधाची बाटली आपणच परवा कोबीवर मारायला नेली होती, हे भिकाला तेव्हा आठवलं आणि खंडेरावाने त्याला जी शिवी दिली तीत कसलीच अशुद्धी नव्हती. कुसाबाईही हसली. बाई मात्र विहिरीच्या काठावर बसून राहिल्या. लंकाबाईने पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी वर्ग भरला नाही. शुक्रवारी भरला. बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "आज जिला जे लिहायचं ते लिहा. अवघड शब्द सोडायचा नाही. चुकला तर चुकू द्या." बायकांना ते खरं वाटलं नाही. पहिले दोन आठवडे कुणी लिहिलं नाही. मग कुसाबाईने 'करंड्या' लिहिलं, चुकीचं, आणि बाईंनी ते वाचून मान डोलावली.

बाई त्यानंतर नऊ वर्षं शाळेत होत्या. चुका दिसणं काही थांबलं नाही, ते त्यांच्या हातात नव्हतं. पण वही तपासताना चुकलेल्या शब्दापेक्षा मोकळ्या सोडलेल्या जागेपाशी त्या जास्त वेळ थांबायच्या. "इथं काय होतं?" असं विचारायच्या, आणि पोरगं सांगेपर्यंत पुढे जायच्या नाहीत. शाळेच्या दारात अवेळी गाडी थांबली की त्यांच्या हातातला खडू मोडायचा. हे शेवटच्या दिवसापर्यंत गेलं नाही.

दोन हजार सहा साली सरिताचं लग्न झालं. बाई तेव्हा निवृत्त होत्या, गुडघे दुखत होते, तरी आल्या. पंगतीत कुसाबाई स्वतः वाढायला आली आणि दोन मिनिटं शेजारी टेकली. इतक्या वर्षांत त्या दोघी त्या दिवसाबद्दल हसल्या होत्या पुष्कळदा, पण बोलल्या कधी नव्हत्या.

"कुसाबाई," बाई ताटाकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी मला वाटलं होतं, मीच तुला मारलं."

"ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगंल? तुमच्या पायात चपला नव्हत्या बाई. उन्हाळ्याचं ऊन, काट्याकुट्याचा बांध, आन् तुम्ही अनवाणी." तिने वरणाचा डाव उचलला. "जेवा आता. भात गार होतोय."

बाईंनी भात कालवला.