शेवटी विचारतात

आमच्या सेक्टरमागचा जुन्या गावचा तलाव बुजवून तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. लोकांचं म्हणणं ऐकायला एक सुनावणी ठेवली होती, तिथे मी त्याला पाहिलं. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. एसी हॉलच्या दाराशी चपला काढून आत आलेला तो एकटाच. पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बसला.

आम्ही सोसायटीवाले माइकवर नुसते तुटून पडलो. कोणाला पार्किंग हवं होतं, कोणाला गार्डन. तलाव हवा, असं कोणीच म्हणालं नाही. एकेक जण बोलून बसला की म्हातारा टोपी सारखी करायचा, जणू आता आपलीच पाळी.

मग साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले आणि मंचावरची मंडळी उठली. हॉल रिकामा होत आला, तरी तो बसूनच.

"काका, संपलं," मी म्हणालो.

"संपलं कसा? मना कुठं इचारलं?" तो म्हणाला. "आमचे गावान सगल्यांचं बोलून झालं का मंग म्हाताऱ्याला इचारतान. त्याबिगर सभा उठत नाय."

इथे माइक हिसकावून घ्यावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता तिथे पार्किंग आहे. गाडी लावताना तो आठवतो. तलाव त्याच्या गावचा, आणि त्या दिवशी त्याला विचारलं फक्त कप गोळा करणाऱ्या बाईने: "काका, चहा मिळाला का?"